सोमवारी नेमकं काय उचलायचं?

बाई, सप्रेम नमस्कार.

मी अडतीस वर्षांची आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.कॉम., माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं. पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करते. आमचं सगळं काम इंग्लंडमध्ये लीड्सला असलेल्या एका गिऱ्हाइकाचं. गेल्या महिन्यात त्यांच्या एका पुरवठादाराच्या बिलांत २० टक्के व्हॅट दोनदा लागलाय हे माझ्या लक्षात आलं. मी मेल केला. तिथल्या साहेबांचं शुक्रवारी संध्याकाळी उत्तर आलं, ‘थँक्स फॉर पिकिंग धिस अप. लेट्स पिक इट अप ऑन मंडे.’ मला वाटलं, सोमवारी कुरियरवाला कागद न्यायला येणार. शनिवारी सुट्टी असून ऑफिसला गेले, सगळ्या बिलांच्या प्रिंट काढल्या, फाइल लावली, ॲडमिनला पिकअपची वेळ विचारली आणि सोमवारी दुपारी अडीचला फाइल मांडीवर घेऊन रिसेप्शनला बसले. वर मीटिंगमध्ये साहेब स्क्रीनवर माझी वाट बघत होते. तेव्हापासून ऑफिसात माझं नाव ‘मंडे पिकअप’ पडलंय.

मग मी डिक्शनरी काढून ‘पिक अप’चे अठरा अर्थ वहीत उतरवले आणि पाठ केले. दुसऱ्याच दिवशी मॅनेजर म्हणाले, ‘सेल्स हॅव पिक्ड अप’, आणि मी पुन्हा अडकले. माझी मुलगी सातवीत, इंग्रजी माध्यमात आहे. ती म्हणते, ‘आई, ते आपोआप कळतं.’ मला नाही कळत. स्पोकन इंग्लिशचा अठरा हजारांचा एक क्लास बघून ठेवलाय. लावू का? की हे असलं इंग्रजी माझ्यासाठी नाहीच?

– कृपया नाव छापू नये

*

प्रिय ‘नाव छापू नये’,

आधी एक कबुली. तुम्ही फाइल मांडीवर घेऊन बसलात तिथं मी हसले. पण मी एकतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलंय. त्यामुळे माझं हसू ऑफिसातल्या मुलांच्या हसण्यासारखं नाही, स्वतःची जुनी वही सापडल्यावर येतं तसलं आहे. माझी फजिती पुढे सांगते, म्हणजे हिशेब बरोबर होईल.

तुमची चूक नेमकी कुठं झाली ते बघू. ‘पिक अप’ तुम्हाला इंग्रजी म्हणून माहीतच नव्हता. तो तुम्हाला मराठी म्हणून माहीत होता. तुमच्या माहेराकडे एसटीची वाट बघायला जिथं उभं राहतात ती पिकअप शेड. बाजार समितीत कोबी घेऊन येते ती पिकअप. ‘गाडी बरी आहे, पण चढाला पिकअप नाही,’ हे प्रत्येक दुचाकीवाल्याचं गाऱ्हाणं. आणि पुण्यात तुमच्या कंपनीच्या कॅबचा सकाळी पावणेआठचा पिकअप. हे चारही पक्के मराठी शब्द झालेत आणि चौघांत गाडी आहे. मग सोमवारच्या पिकअपला तुम्ही कुरियरची गाडी जोडलीत तर त्यात नवल काय? (चढाला पिकअप नाही, हे तुमच्या लीड्सच्या साहेबांना सांगून बघा. ते ॲक्सिलरेशन म्हणतील.) गंमत म्हणजे तुम्हाला नाव ठेवणाऱ्या मुलांपाशीही बहुतेक एवढाच साठा असेल. फरक इतकाच, की मेल तुम्हाला आला होता.

हे मराठीतले सगळे ‘पिकअप’ नामं आहेत, साहेबांच्या मेलमधला मात्र क्रियापद. या दोहोंतल्या फरकाची एक खूण कानाला कळते. ‘पिकअप’ हे नाम असलं, गाडी किंवा शेड असली, की जोर ‘पिक’वर येतो. क्रियापद असलं की जोर ‘अप’वर सरकतो. आपण मराठीत सगळीकडे सारखाच जोर देऊन बोलतो म्हणून आपल्या कानाला ही सवय नसते.

आता तो मेल. एका ओळीत साहेबांनी तोच शब्द दोनदा वापरला आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा. पहिल्या वाक्याचा अर्थ, ‘बरं झालं, तुम्ही ही चूक टिपलीत.’ दुसऱ्याचा, ‘सोमवारी आपण इथून पुढे बोलू.’ त्यांनी काही कोडं घातलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही जाणवलं नसेल की आपण एकच शब्द दोन कामांना जुंपला. आपण नाही का म्हणत, ‘बस जरा, बसमध्ये जागा नव्हती, आवाज पार बसलाय’?

वरच्या ओळीत मी ‘टिपलीत’ हे क्रियापद मुद्दाम वापरलं. चिमणी दाणे टिपते, कॅमेरा चेहरा टिपतो, शाई टिपायला टिपकागद असतो आणि हिशेबनीस चूक टिपतो. इंग्रजीतला ‘पिक’ हा याच घरातला. चोच मारणं या अर्थाचा ‘पेक’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे. टोकदार वस्तूनं टोचून एकच दाणा वेगळा काढणं, हे त्याचं मूळचं काम. म्हणून नुसता ‘पिक’ म्हणजे निवडणं, वेचणं. त्याला ‘अप’ लागला की टिपलेला दाणा वर येतो, चोचीत येतो, आपल्या ताब्यात येतो. हे एवढं चित्र डोळ्यांपुढे ठेवा. खाली काहीतरी पडलंय, आपण ते टिपलं आणि वर घेतलं.

तुमच्या वहीतले अठरा अर्थ म्हणजे अठरा शब्द नाहीत, हे त्यावरून दिसेल. आणि हे चित्र तुमच्याकडे आधीपासून आहे. तुम्ही त्याला ‘उचलणं’ म्हणता.

वही उघडा आणि प्रत्येक अर्थासमोर ‘उचलणं’ लावून बघा. फोन वाजतो, तो तुम्ही उचलता. इंग्रजीतही ‘पिक अप’. पोर रडतं, त्याला कडेवर उचलता, ‘पिक अप’. हॉटेलात सगळ्यांचा खर्च एकानं उचलला. ‘पिक अप द बिल’. रात्री पोलिसांनी दोघांना उचललं, तिथंही तेच. नातवंडं शेजारच्या गल्लीतून चार शिव्या उचलून आणतात, त्यांना त्या कुणी शिकवलेल्या नसतात; इंग्रजीत भाषा, लकबी, वाईट सवयी अशाच ‘पिक अप’ केल्या जातात. मार्केट यार्डातून दोन पोती कांदा उचलला, सेलमध्ये स्वस्तात एक साडी उचलली, ‘पिक अप’. स्वेटर विणताना गळ्याचे टाके उचलावे लागतात. विलायतेतल्या विणणाऱ्या बायकाही टाके ‘पिक अप’च करतात. दोन देशांतल्या बायका एकमेकींना न विचारता एकाच शब्दापाशी पोचल्या, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि तुमचा सोमवार? गावाकडचं भजन आठवा. बुवा ओळ म्हणून सोडतात आणि टाळकरी ती उचलतात. तसंच शुक्रवारी खाली ठेवलेलं बोलणं साहेबांना सोमवारी उचलायचं होतं. तुम्ही सोमवारी काहीतरी उचलायचं आहे इतकं बरोबर ओळखलंत. काय उचलायचं तेवढं चुकलं. साहेबांच्या वाक्यात ते ‘इट’मध्ये होतं, आणि ‘इट’ म्हणजे आदल्या वाक्यातला विषय. फाइल त्या मेलमध्ये कुठंच नव्हती.

म्हणून पहिली सवय लावून घ्या ती ‘काय’ विचारायची. ‘पिक अप’ दिसला की त्याचा अर्थ आठवत बसू नका. कर्म शोधा. काय उचलायचंय? फोन, पोर, बिल, भाषा, सर्दी, दूध, चूक, विषय? कर्म सापडलं की मराठी वाक्य आपोआप जुळतं. सर्दीला आपण ‘उचलली’ म्हणत नाही, ‘लागली’ म्हणतो. दुधाला ‘येताना घेऊन ये’ म्हणतो. पण अर्थ लागायला तेवढा फरक आड येत नाही.

आणि कर्मच सापडलं नाही तर? तुमच्या मॅनेजरचं ‘सेल्स हॅव पिक्ड अप’ तसंच होतं. विक्रीनं कशाला उचललं? कशालाच नाही. ती स्वतःच उठली. आपल्या बाजारात याला नेमका शब्द आहे. ‘मालाला उठाव आला.’ हिशेबात काम करता म्हणजे तो तुम्ही शंभरदा ऐकला असेल. कर्म नसलेला ‘पिक अप’ बहुतेक वेळा स्वतः वर येणाऱ्या गोष्टीचा असतो. धंदा, मागणी, वेग, वारा, आजारी माणसाची तब्येत. याला दोन अपवाद रोज भेटतात. एक फोन, कारण ‘ही डिडन्ट पिक अप’ म्हणताना ‘फोन’ गिळून टाकतात. दुसरं, राहिलेल्या ठिकाणाहून पुढे सुरू करणं, तिथंही कर्म बोलण्यात राहून जातं. तेवढे दोन सांभाळा.

आता माझी फजिती. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला राहायचा, तेव्हा एका उन्हाळ्यात मी तिथं गेले होते. आपला उन्हाळा म्हटला की हात शिवशिवतात, म्हणून मी मागच्या लाकडी गच्चीवर जुनं धोतर पसरून पोह्याचे पापड वाळत घातले. कुंपणापलीकडची शेजारीण आभाळाकडे बघून म्हणाली, ‘लुक्स लाइक द विंड इज पिकिंग अप.’ वारा उचलतोय! मी ‘ओह!’ म्हणून धावले आणि धोतराची चारही टोकं गोळा करून पापड घरात आणले. पाच मिनिटांत वावटळ आली. सून म्हणाली, ‘आई, तुम्हाला बरं कळलं.’ कळलं कसलं, मला वाटलं होतं की वारा माझे पापड उचलतोय. शेजारणीला म्हणायचं होतं की वारा वाढतोय. तेव्हा मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले होते. पण शेजारणीची नजर आभाळाकडे होती, धोतराची कड फडफडत होती, आणि व्याकरणाच्या आधी मला तेवढ्यानं कळलं. मुलगी तुम्हाला ‘आपोआप’ म्हणते ते हेच. तिचं म्हणणं खरं आहे, फक्त ते आपोआप होत नाही. आजूबाजूला बघावं लागतं, आणि मेलमध्ये आभाळ नसतं.

‘उचलणं’ सगळीकडे चालेल असं मात्र समजू नका. जोडी लावताना कुठं कुठं सांधा निखळतो ते सांगते, कारण फजिती तिथंच होते.

चोरी. आपल्याकडे उचल्या चोर असतो. एखाद्यानं दुसऱ्याचा लेख उचलला म्हणजे ढापला. इंग्रजीत त्या कामाला ‘लिफ्ट’ आहे. ‘पिक अप’ला चोरीचा वास नाही. म्हणून ‘आय पिक्ड अप अ पेन फ्रॉम द शॉप’ म्हणणारा माणूस चोर नाही, त्यानं जाता जाता पेन विकत घेतलंय.

ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतात ती उचल, हे इंग्रजीत ॲडव्हान्स. जुन्या दुखण्यानं उचल खाल्ली, तर तिथं ‘फ्लेअर अप’. एखाद्याची उचलबांगडी झाली, मागणी उचलून धरली, विडा उचलला, उचलली जीभ लावली टाळ्याला. यांतलं एकही ‘पिक अप’नं सांगता येत नाही. तिकडचेही काही आपल्याकडे येत नाहीत. अमेरिकेत आई मुलाला ‘पिक अप युअर रूम’ म्हणते तेव्हा ती त्याला खोली आवरायला सांगत असते. आणि दुसऱ्यानं केलेला पसारा त्याच्यामागून उचलत फिरणं म्हणजे ‘पिक अप आफ्टर’. तो तुम्ही घरी रोज करत असालच.

माणसं. इथं जपा. स्टेशनवरून, शाळेतून, विमानतळावरून माणसाला ‘पिक अप’ करणं निर्धोक आहे, ‘घ्यायला जाणं’ एवढाच अर्थ. पण बारमध्ये किंवा पार्टीत अनोळखी माणसाला ‘पिक अप’ करणं म्हणजे पटवणं. शब्द तोच, जागा बदलली. लीड्सहून पाहुणे आले तर त्यांना कुठून आणायचंय ते ठिकाण वाक्यात घाला, म्हणजे झालं.

आणि जाता जाता. ऑफिसातली मुलं तुमच्याशी जे करतायत त्याला इंग्रजीत ‘पिक ऑन’ म्हणतात. ‘अप’ जाऊन ‘ऑन’ आला आणि टिपलेला दाणा गेला, चोच तेवढी उरली.

तुम्ही विचारता, हे असलं इंग्रजी माझ्यासाठी नाहीच का? या प्रश्नामागचं दुखणं मला माहीत आहे, म्हणून जरा इतिहासात जाते. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सननं इंग्रजीचा मोठा कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यानं लिहून ठेवलंय की क्रियापदाला एखादं अव्यय जोडून अर्थ बदलण्याची आमच्या भाषेत फार खोड आहे आणि परक्यांना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. म्हणजे तुमची तक्रार पावणेतीनशे वर्षांपूर्वीच मान्य झालेली आहे, आणि तीही कोशकाराकडून. या क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापून आलं ते मात्र अगदी अलीकडे, १९२५ साली. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकानं ते वापरलं, आणि सुचवलं होतं ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. त्याच १९२५ साली फोर्डनं आपल्या मॉडेल टी गाडीला मागे उघडा हौदा लावून ‘पिक-अप’ म्हणून ती विकायला काढली. आपल्या बाजार समितीतली पिकअप त्याच कुळातली. व्याकरणातलं नाव आणि गाडी एकाच वर्षी बाजारात आली, या योगायोगाचा काही उपयोग नाही, पण मला तो आवडतो.

तर मग शाळेत आम्ही तुम्हाला हे का शिकवलं नाही? कारण शाळेत आम्ही तुम्हाला तत्सम इंग्रजी शिकवलं. १०६६ साली नॉर्मंडीचे लोक इंग्लंड जिंकून तिथं राज्य करायला लागले आणि फ्रेंच ही दरबाराची बोली झाली. पुढे त्या वाटेनं आणि थेट लॅटिनमधूनही हजारो शब्द इंग्रजीत आले. कलेक्ट, रिझ्यूम, डिटेक्ट, अक्वायर, इम्प्रूव्ह हे सगळे त्या वाड्यावरचे. ‘पिक अप’ हा अंगणातला. आपल्याकडे ‘प्राप्त करणे’ आणि ‘मिळवणं’, ‘प्रारंभ करणे’ आणि ‘सुरू करणं’ यांत जे अंतर आहे तेच. परीक्षेत आणि सरकारी अर्जात वाड्यावरचे शब्द लागतात, म्हणून आपण ते शिकलो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तुमची माझी पिढी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवणारी. त्यामुळे इंग्रजाच्या कचेरीत आपण थेट दिवाणखान्यात शिरलो. त्याच्या स्वयंपाकघरात काय बोलतात ते कधी कानावर पडलंच नाही. आणि आता तो मेलमध्ये स्वयंपाकघरातलंच लिहायला लागलाय.

उलट बाजूनं विचार करा. लीड्सचे साहेब मराठी शिकायला आले तर? दुकानात ‘बसा’, धंदा बसला, धक्का बसला, विश्वास बसला, दातखीळ बसली, घडी बसली, हा बोलून बसला, तो रुसून बसला, आणि शनिवारी संध्याकाळी मित्र विचारतो, ‘आज बसायचं का?’ खुर्ची यात फक्त पहिल्या ठिकाणी. बरं, नुसतं ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ यांत काय फरक, ते त्यांना समजावून सांगायला तुम्हाला अर्धा तास लागेल. त्यांनी ‘बसणे’चे अठरा अर्थ वहीत उतरवून पाठ केले तर तुम्ही त्यांना काय सांगाल? तेच मी तुम्हाला सांगते. वही फेकू नका, पण अर्थांच्या यादीवर एक काट मारा.

त्या जागी वाक्यं लिहा. तुम्हाला आलेल्या मेलमधली, मीटिंगमध्ये ऐकलेली, खरीखुरी. आठवड्यात दोन मिळाली तरी पुष्कळ. प्रत्येकाखाली त्याचं बोली मराठी; कोशातलं नको, तुम्ही बहिणीला फोनवर सांगाल तसलं. ‘कॅन यू पिक अप धिस टिकेट?’ खाली लिहा, ‘हे काम तुम्ही अंगावर घ्याल का?’ ‘लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ.’ खाली, ‘मागच्या वेळी जिथं थांबलो तिथून पुढे.’ चार महिन्यांनी तुमच्याकडे तीसेक वाक्यं असतील आणि ती तुमच्या कामातली असतील. कोशातल्या अठरांपैकी निम्मे अर्थ तुम्हाला जन्मात भेटणार नाहीत. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जे लोहचुंबक बसवतात त्यालाही पिकअप म्हणतात. ते तुम्हाला कळून काय करायचंय?

कान थोडा तयार करावा लागेल. बोलताना ‘पिक इट अप’ असं सुटं सुटं कुणी म्हणत नाही. ‘पिकिटप’ असा एकच गोळा कानावर येतो. तुम्हाला शब्द माहीत असूनही मीटिंगमध्ये निसटतो तो म्हणून. घरी दहा वेळा मोठ्यानं ‘पिकिटप, पिकिटप’ म्हणा. मुलगी हसेल, हसू दे.

आणि त्या मधल्या ‘इट’ची जागा. ‘पिक अप द फोन’ चालतं, ‘पिक द फोन अप’ही चालतं. पण सर्वनाम आलं की ते मधेच बसलं पाहिजे: पिक इट अप, पिक हर अप, पिक मी अप. ‘पिक अप मी’ म्हटलं की ते कानाला खटकतं. माझ्या वर्गात हे वर्षानुवर्षं चुकायचं. मग निवृत्त झाल्यावर एका लग्नात तिरामिसू नावाचं इटालियन गोड खाल्लं आणि कळलं की त्या नावाचा अर्थच ‘मला वर उचल’, म्हणजे ‘पिक मी अप’. तिरा-मि-सू. तिथं ‘मि’ म्हणजे मला, आणि तो बरोबर मधे आहे. आपला ‘मी’ समजून लक्षात ठेवा. हे मला तीस वर्षं आधी का नाही खायला मिळालं, असं वाटलं.

हे सगळं समजून घेण्यासाठी. बोलण्याचं निराळं. तुम्ही स्वतः ‘पिक अप’ वापरलाच पाहिजे अशी सक्ती नाही. ‘कंटिन्यू’ म्हणा, ‘कलेक्ट’ म्हणा, ‘नोटिस’ म्हणा. हिशेबाच्या कामात हे शब्द जास्त नेमके आहेत आणि कुणालाही खटकत नाहीत. खरी युक्ती यांच्या साह्यानंच करायची आहे. साहेबांनी गोळा फेकला की तो साध्या शब्दांत उलटा विचारायचा. ‘लेट्स पिक इट अप ऑन मंडे’ आलं की लगेच उत्तर लिहा, ‘शुअर. शाल वी कंटिन्यू धिस ओव्हर अ कॉल ऑन मंडे? व्हॉट टाइम?’ चुकीचं समजलं असेल तर ते शुक्रवारीच कळेल, आणि बरोबर असेल तर मीटिंगची वेळ ठरेल. यात अडाणीपणा कुणाला दिसत नाही. उलट कामाला चोख बाई आहे असं वाटतं. तुमचा शनिवारही वाचला असता.

क्लास. अठरा हजार तुमचे आहेत, पण मला विचारता म्हणून सांगते, आत्ता नको. तुम्हाला बोलायला येत नाही असं पत्रावरून दिसत नाही. तुमची अडचण ठरावीक लोकांचं ठरावीक इंग्रजी समजण्याची आहे, आणि तुमच्या साहेबांचे मेल कुठल्याच क्लासवाल्याकडे नसतात. गेल्या वर्षभराचे तुमच्याकडे आहेत. दुपारच्या चहानंतर दहा मिनिटं ते चाळा आणि ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ जिथं दिसेल तिथं थांबा. चार महिन्यांनी पुन्हा वाटलं तर क्लास कुठं पळून जात नाही.

मुलीला दोष देऊ नका. ती ‘आपोआप’ म्हणते कारण तिनं हे शाळेत पिक अप केलंय, आपण कोल्हापुरात शिव्या उचलल्या तसं. रात्री जेवताना तिला एक वाक्य तुम्ही विचारा, एक तिला विचारू द्या. तुमच्या बाजूनं ‘दुखण्यानं उचल खाल्ली’पासून सुरुवात करा. माझा अंदाज, पहिले चार दिवस तुम्ही जिंकाल.

‘मंडे पिकअप’ या नावाचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच जास्त लागलंय हे अक्षरावरून कळतं. पुढच्या वेळी कुणी तशी हाक मारली की शांतपणे विचारा, ‘त्या मेलमध्ये पिक अप दोनदा होता. पहिल्याचा अर्थ काय रे?’ आणि थांबा. मला वाटतं, तो पहिला बहुतेकांनी वाचलेलाच नसेल.

तुम्हीही तो नीट वाचलेला दिसत नाही. ते तुमचं कौतुक होतं. सगळ्या ऑफिसात ती चूक एकट्या तुम्ही टिपलीत, आणि पत्रभर फाइल, कुरियर, रिसेप्शन लिहून त्या बिलांचं पुढे काय झालं ते लिहायचं विसरलात. दोनदा भरलेला व्हॅट पुरवठादारानं परत केला का? रक्कम केवढी होती? तेवढं मला कळवा.

तुमची,
बाई